परदेशात राहून गावाकडच्या घरपट्टीचे बारा हप्ते कसे पाडायचे

दर मार्चमध्ये मला दुबई, मस्कत नाहीतर टोरांटोहून दोन-चार फोन हमखास येतात. "दारावर नोटीस लागली म्हणे, शेजारचे काका सांगत होते. किती भरायचे ते बघ ना." मी संभाजीनगरात राहतो. नात्यातल्या आणि ओळखीतल्या चार घरांचं हे काम मी अंगावर घेतलं आहे. त्यातली दोन घरं इथली, एक लातूरचं आणि एक उदगीरजवळच्या खेड्यातलं. मालक बाहेर, घराला कुलूप, आणि वर्षाची घरपट्टी एकरकमी भरायची म्हणून ती पुढे ढकलली जाते. दिवाळीला येऊ तेव्हा बघू म्हणता म्हणता दोन वर्षं निघून जातात.

हा बोजा महिन्या-महिन्याला वाटून टाकता येतो. पण पायऱ्यांचा क्रम चुकला की पैसे भरूनही थकबाकी जागच्या जागी राहते, आणि नेमकं तेच पुन्हा पुन्हा होताना बघतोय, म्हणून हे सगळं एका जागी लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. पालिका महिन्याचे हप्ते पाडून देत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मालमत्ता कर दोन सहामाही हप्त्यांत, तोही आगाऊ देय होतो: १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला. मुदत टळली की थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढं व्याज कुठल्याही ठेवीवर मिळत नाही. तेव्हा पालिकेचे हप्ते दोनच. बारा हप्ते आपण आपल्यापुरते पाडायचे आणि ते पैसे या दोन हप्त्यांच्या, बिलावर दिलेल्या, शेवटच्या तारखांना तयार ठेवायचे.

टप्पा १: कर नेमका कोणाला द्यायचा ते ठरवा

मराठवाड्यात संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना अशा पाच महानगरपालिका आहेत. बीड, धाराशिव, हिंगोली इथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांचा कायदा वेगळा, १९६५चा. गावातलं घर ग्रामपंचायतीकडे. तिथे नमुना ८ म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत तुमच्या घराचा क्रमांक, मोजमाप आणि कर लिहिलेला असतो. त्याचा उतारा ग्रामपंचायतीतून मागवून घ्या.

शहराच्या कडेचे प्लॉट असतील तर जास्त जपून. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची पावती मिळत होती म्हणून आजही तिथेच भरायचं असं नाही. मधल्या काळात हद्दवाढ होऊन तो भाग पालिकेत गेलेला असू शकतो.

आणि हे एकमेकांत मिसळू नका: सोसायटीचा मेंटेनन्स, सिडकोची देणी आणि महावितरणचं बिल. ही सगळी देणी घरपट्टीपेक्षा वेगळी आहेत. "सोसायटी भरते ना सगळं" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. सोसायटी स्वतःची सामायिक देणी भरते. तुमच्या फ्लॅटचा मालमत्ता क्रमांक वेगळा असेल तर त्याचा कर तुम्हीच भरायचा.

टप्पा २: बिल मागवा आणि ओळ न् ओळ वाचा

बिल आलं नाही म्हणून भरलं नाही, ही सबब चालत नाही. बंद घराच्या दर्शनी भागावर चिकटवलेली नोटीससुद्धा बजावली गेली असं धरलं जातं. आमच्या लातूरच्या घराची नोटीस अशीच चिकटवलेली होती. ती पावसात भिजून पायरीवर पडली आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांनी तिची होडी केली. आम्हाला कळलं ते पुढच्या वर्षीच्या बिलातली शास्ती बघून.

एप्रिल सुरू झाला की बिलाची वाट बघू नका. पालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकून मागणी, म्हणजे पालिकेने काढलेली भरायची रक्कम, बघा. क्रमांक जुना असेल, चालत नसेल, तर इथल्या कुणाला तरी जुनी पावती घेऊन वॉर्ड कार्यालयात पाठवा. नवा क्रमांक तिथे मिळतो.

बिल समोर आलं की वरच्या भागापासून सुरुवात करा. मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, पत्ता, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर. वापराच्या रकान्यात "निवासी" आहे का "बिगरनिवासी" हे डोळे ताणून बघा. पूर्वी खालच्या मजल्यावर कुणाचं दुकान किंवा शिकवणी असेल, तर तो शिक्का पुढे वर्षानुवर्षं राहतो. तसंच "स्वतः मालक" आणि "भाडेकरू" या नोंदीचं. भाडेकरू गेला तरी नोंद आपोआप बदलत नाही.

मग खालचा भाग. घरपट्टी म्हणतो तो एकच कर नसतो. सामान्य कर, मलनिःसारण कर, वृक्ष कर, राज्य शासनाचा शिक्षण कर, बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी कर, अशा ओळी असतात. जिथे भाडेमूल्यावर आकारणी आहे तिथे वार्षिक भाडेमूल्यातून (घराला वर्षाला येऊ शकणाऱ्या भाड्यातून) दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात आणि त्यावर हे दर लागतात. पाणीपट्टी कुठे याच बिलात असते, कुठे तिचं वेगळं बिल येतं. वेगळं असेल तर तेही मागवा. घरपट्टी वेळेवर भरत राहिले आणि पाणीपट्टी पाच वर्षं थकली, असं घर माझ्या पाहण्यात आहे.

शेवटी तीन आकडे वहीत वेगवेगळे लिहा: चालू वर्षाची मागणी, मागची थकबाकी, शास्ती. पुढचं सगळं गणित या तीन आकड्यांवर आहे. तिन्हींची बेरीज करून तिला "घरपट्टी" म्हणू नका.

तपासा: गेल्या वर्षी भरलेली रक्कम या वर्षीच्या थकबाकीत पुन्हा दिसते का? दिसत असेल तर पावतीची प्रत घेऊन आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या, मगच पुढे जा.

टप्पा ३: थकबाकी मिटवल्याशिवाय हप्ते सुरू करू नका

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. मागचे २२,००० बाकी असताना चालू वर्षासाठी महिन्याला हजार-बाराशे भरायला लागतात आणि त्यांना वाटतं, चालू वर्ष तरी फिटलं. पण आलेला पैसा साधारणपणे आधी जुन्या बाकीत वळता होतो. मग चालू वर्ष तसंच राहतं, त्यावर शास्ती चढते आणि पुढच्या एप्रिलला बिल बघून माणूस हबकतो.

म्हणून थकबाकी एकदाच, शक्य तितक्या लवकर मिटवा. त्यासाठी वार्षिक रजेचा पैसा, एखादा बोनस लावा. २२,००० वर महिन्याला ४४० रुपये शास्ती, हा हिशेब डोळ्यासमोर ठेवला की निर्णय सोपा होतो.

शास्तीत सवलत देणाऱ्या योजना पालिका अधूनमधून काढतात. लोकअदालतीतही घरपट्टीची प्रकरणं ठेवतात. अशी योजना चालू असेल तर जरूर घ्या. पण ती येईल म्हणून वाट बघत बसू नका. ती दरवर्षी येत नाही, आणि दरम्यान जप्तीची नोटीस येऊ शकते.

आकारणीच चुकीची वाटते? लेखी हरकत घ्या, नोटिशीत दिलेल्या मुदतीत घ्या, पोच घ्या. पण हरकत घेतली म्हणून भरणा थांबवू नका. हरकतीचा निकाल लागेपर्यंत शास्ती चढत राहते.

टप्पा ४: पैसे कुठल्या खात्यातून जाणार

परदेशात नोकरीला गेल्यावर इथलं जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. इथलं भाडं वगैरे एनआरओत जमा होतं, परदेशातली कमाई एनआरई या दुसऱ्या प्रकारच्या अनिवासी खात्यात आणता येते. घरपट्टी दोन्हींतून भरता येते.

घर भाड्याने दिलेलं असेल तर भाड्यातूनच घरपट्टी काढणं सगळ्यात सोपं. मात्र हातात येणारं भाडं धरा, ठरलेलं नाही. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावरचा उपकर, म्हणजे साधारण ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापायचा असतो. १०,००० भाडं असेल तर खात्यात ६,८८० येतात. कापलेल्यातलं जास्तीचं आयकर विवरणपत्र भरून परत मिळतं, पण ते पुढे. घरपट्टीच्या वेळी ते हातात नसतं.

"घरपट्टी भाडेकरू भरेल, भाड्यातून कापून घेईल" असं तोंडी ठरवू नका. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टीची वजावट मिळते, पण मालकाने स्वतः भरलेली असेल तरच, आणि ज्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरली त्याच वर्षात. ३१ मार्चच्या आत भरली तर त्या वर्षात, २ एप्रिलला भरली तर पुढच्या. भाड्याने दिलेल्या घराची दुसरी सहामाही मार्चपलीकडे जाऊ देऊ नये, याचं हे आणखी एक कारण. स्वतःसाठी कुलूप लावून ठेवलेल्या घराला ही वजावट नसते.

टप्पा ५: महिन्याचा आकडा काढा

सरळ बाराने भागायचं आणि मोकळं व्हायचं, असं केलं तर पहिल्याच वर्षी फसाल. उदाहरण घेऊ. चालू मागणी १४,४००, म्हणजे महिन्याला १,२००. बिलावर पहिल्या सहामाहीची शेवटची तारीख ३० जून आणि दुसरीची ३१ डिसेंबर आहे असं धरू. तुमच्या बिलावर जी असेल ती घ्या.

एप्रिलपासून १,२०० बाजूला टाकायला लागलात तर जूनअखेर जमतात ३,६०० आणि लागतात ७,२००. म्हणजे पहिला हप्ताच चुकला.

म्हणून पहिल्या वर्षी एप्रिल, मे, जून हे तीन महिने दुप्पट, २,४०० टाका. जूनअखेर ७,२०० तयार. ते भरा. जुलैपासून डिसेंबरपर्यंत १,२०० प्रमाणे सहा महिने, पुन्हा ७,२००. तेही भरा. जानेवारी ते मार्च १,२०० चालू ठेवा, ३,६०० शिल्लक राहतील. पुढच्या वर्षी एप्रिल ते जूनचे ३,६०० त्यात मिळाले की जूनचा हप्ता तयार. ओढाताण फक्त पहिल्या तीन महिन्यांची, त्यानंतर महिन्याला १,२०० पुरतात.

यात मी दरमहा शंभर रुपये जास्त धरायला सांगतो. पाणीपट्टी वाढते, एखादा उपकर वाढतो, फेरआकारणी होते. वर्षाअखेर बाराशे उरले तर ते पुढच्या वर्षाला उपयोगी पडतात.

आता सवलतीचं. वर्षाचा पूर्ण कर सुरुवातीलाच भरणाऱ्यांना बऱ्याच पालिका सूट देतात. टक्का आणि तारीख दरवर्षी जाहीर होते. सूट बहुधा सामान्य करावर असते, सगळ्या बिलावर नसते, हे धरून हिशेब करा. समजा सामान्य कर ८,००० आणि सूट १० टक्के, तर ८०० वाचतात. वरच्या उदाहरणात मार्चअखेर तुमच्याकडे ३,६०० असतात, एप्रिलमध्ये आणखी १०,८०० घातले की पूर्ण वर्ष एकदम भरता येतं. ते १०,८०० जास्तीत जास्त आठ-नऊ महिने आधी जातात. तेवढ्या काळात ठेवीवर ८०० सुटणार नाहीत. त्यामुळे एखाद्या वर्षी हात सैल असेल तर ही उडी मारा. त्यानंतर दरमहा १,२०० टाकत राहा, पुढच्या एप्रिलला पूर्ण १४,४०० तयार असतात. माझ्या दुबईच्या मामेभावाला इथवर यायला दोन वर्षं लागली. आता तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळा होतो.

टप्पा ६: पैसे बाजूला टाकायची सोय

दर महिन्याला परदेशातून १,२०० रुपये पाठवू नका. पाठवणीचं शुल्क आणि विनिमय दरातली तफावत यात बरेच पैसे जातात. घरच्यांना पाठवता त्यातच मिळवून पाठवा किंवा तीन महिन्यांचे एकदम आणा, आणि इथे आल्यावर बँकेतच महिन्याला वेगळे काढा.

वेगळे काढायला दोन सोयी चांगल्या. एक, दुसरं बचत खातं आणि त्यात ठरावीक तारखेला आपोआप रक्कम जाण्याची स्थायी सूचना. दोन, बँकेतली आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. सहामाही भरणाऱ्याला पहिली सोय बरी, कारण जूनमध्ये पैसे काढावे लागतात. एप्रिलमध्ये पूर्ण वर्ष भरणाऱ्याला आरडी चालते, पण ती मार्चमध्ये सुरू करा म्हणजे मार्चमध्येच पिकते. मे महिन्यात सुरू केलेली आरडी मेमध्ये पिकते आणि तोवर सूट संपलेली असू शकते.

एनआरओवरच्या व्याजावर ३० टक्के आणि उपकर असा टीडीएस कापला जातो, एनआरईचं व्याज इथे करमुक्त. एवढ्या रकमेत फरक थोडाच पडतो, त्यामुळे त्यावर फार डोकं खपवू नका.

सावधान: आईवडिलांच्या घरखर्चाच्या खात्यात घरपट्टीचे पैसे ठेवू नका. दवाखाना निघाला की ते खर्च होतात, आणि व्हायलाच हवेत. मग जूनमध्ये कुणालाच काही बोलता येत नाही.

टप्पा ७: भरणा

शेवटच्या दिवशी भरू नका, दहा दिवस आधी भरा. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळं अडकतात आणि टोरांटोसारख्या ठिकाणी असाल तर तुमची रात्र म्हणजे इथली सकाळ असते. परदेशी कार्ड बऱ्याचदा चालत नाही. भारतीय बँकेचं नेटबँकिंग चालतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, ओमान आणि कतार या देशांतले मोबाईल क्रमांक एनआरई-एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरायची परवानगी २०२३ साली मिळाली. तुमची बँक ती सोय देते का, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

भरायच्या आधी पडद्यावर मालकाचं नाव आणि मालमत्ता क्रमांक दोन्ही वाचा. आम्ही एका ठिकाणी दोन वर्षं एक आकडा चुकवून शेजारच्या घराची घरपट्टी भरली. शेजाऱ्याला वाटलं मुलाने भरली असेल. नोंद फिरवायला दोन पावत्या, बँकेचा उतारा, शेजाऱ्याचं संमतीपत्र आणि सात हेलपाटे लागले.

पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, तीन-चार कामाचे दिवस थांबा, मग मागणी पुन्हा बघा. मोबाईलवर आलेल्या लिंकवरून तर कधीच भरू नका. "आज भरा नाहीतर नळ तोडू" असे मेसेज फसवणुकीचे असू शकतात. इथल्या कुणी रोख भरलीच, तर छापील पावती तिथल्या तिथे घ्यायला सांगा.

नुसता कर भरायला कुलमुखत्यारपत्र लागत नाही. क्रमांक माहीत असलेला कुणीही भरू शकतो. नावात बदल, हरकत, सुनावणी यासाठी मात्र लागतं. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र) करून पाठवा आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

टप्पा ८: पावती उघडून बघा

पीडीएफ उतरवली आणि विसरले, असं करू नका. पावतीवर कालावधी, सहामाही आणि कुठल्या शीर्षात किती जमा झाले ते असतं. "थकबाकी" शीर्षात काही गेलं असेल तर टप्पा ३ अजून पूर्ण झालेला नाही. पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर मागणी शून्य झाली का ते बघा आणि त्या पानाचं छायाचित्र पावतीसोबत ठेवा. नावं ठेवायची पद्धत एकच ठेवा: घर, वर्ष, सहामाही.

घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर कर भरत राहा, पण नावही बदलून घ्या. मालक वारल्यास वारसांनी वर्षाच्या आत पालिकेला कळवायचं असतं, खरेदी असेल तर तीन महिन्यांत. कराची पावती तुमच्या नावाने निघाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, त्यासाठी खरेदीखत, वारस नोंद हीच कागदपत्रं लागतात.

घर वर्षभर रिकामं असेल तर आणखी एक करा. रिकाम्या घराच्या कराचा काही भाग परत मागायची तरतूद कायद्यात आहे, पण घर रिकामं झाल्याची लेखी सूचना त्याच वेळी दिलेली असावी लागते. भाडेकरू ज्या आठवड्यात जाईल, त्याच आठवड्यात वॉर्ड कार्यालयात अर्ज द्या, त्याच अर्जात "भाडेकरू" नोंद काढायची विनंती करा आणि शिक्का मारलेली पोच मागवून घ्या.

पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा आणायची पिशवी अशी: शेवटच्या तीन वर्षांच्या पावत्या, खरेदीखताची प्रत, पासपोर्टची प्रत आणि संकेतस्थळावर नोंदवायचा भारतीय मोबाईल क्रमांक. ओटीपी ज्याच्याकडे जातो तो क्रमांक अजून जुन्या भाडेकरूचा असेल तर पहिल्या दिवशी तोच बदला.